ऑस्ट्रेलियन वाङ्मयाचा विकास : निवेदकाच्या भाषेच्या अंगाने

वसाहतींतून उदयास आलेल्या राष्ट्रांचे वाङ्मयेतिहास बहुधा एकाच ठशाचे असतात. प्रारंभी मातृदेशाचे अनुकरण, मग राष्ट्रीय जागृती, आणि अखेरीस आधुनिक प्रौढत्व, अशा तीन खणांत सारे ग्रंथ बसविले की इतिहासकाराचे काम संपते. ऑस्ट्रेलियातील इंग्रजी वाङ्मयाची मांडणीही दीर्घकाळ याच रीतीने होत आली. ही मांडणी सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. परंतु तिचा आधार विषय हा आहे, भाषा हा नव्हे. ग्रंथात कांगारू व निलगिरीची राने आली की तो ग्रंथ ऑस्ट्रेलियन झाला, हे गमक भाषेच्या अभ्यासकास पुरेसे वाटण्यासारखे नाही. पात्रे कोणत्या भूमीवर वावरतात याहून त्यांची कथा कोण सांगतो, आणि कोणत्या इंग्रजीत सांगतो, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. त्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहू गेल्यास या वाङ्मयाच्या इतिहासातील टप्पे निराळ्या ठिकाणी पडतात. आणि जो काळ सर्वांत तेजस्वी म्हणून गणला जातो, त्याच काळातील एक मोठी उणीव दृष्टीस पडते.

२६ जानेवारी १७८८ रोजी आर्थर फिलिप याच्या नेतृत्वाखाली आलेल्या इंग्रजांनी सिडनीच्या खाडीकाठी वसाहत स्थापन केली. ११ जहाजांतून आलेल्या या मंडळींमुळे त्या किनाऱ्यावर तीन भाषिक थर एकाच वेळी एकमेकांस भिडले. अधिकाऱ्यांची प्रमाण इंग्रजी हा पहिला. लंडनच्या गुन्हेगार वस्त्यांतील सांकेतिक बोली बोलणारे कैदी हा दुसरा. आणि त्या खंडावर तेव्हा नांदत असलेल्या २५० हून अधिक मूळ भाषांपैकी सिडनी परिसरातील भाषा हा तिसरा. पहिल्या दोन थरांतील अंतरही थोडे नव्हते. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, न्यायालयात कैद्यांच्या जबान्या समजून घेण्यासाठी दुभाष्याची गरज पडे. म्हणजे इंग्रजाचे बोलणे इंग्रजासच कळत नव्हते. तिसऱ्या थराशी झालेल्या व्यवहाराचा एक मासला मोठा उद्बोधक आहे. १७७० साली कुकच्या मंडळींनी दूर उत्तरेकडील गुगु यिमिधिर्र भाषेतून 'कांगारू' हा शब्द उचलला होता. तो त्यांनी सिडनीच्या रहिवाशांपुढे ठेवला; पण त्या लोकांच्या भाषेत तो शब्दच नव्हता. पाहुण्यांच्या भाषेत कुत्र्याव्यतिरिक्त प्रत्येक जनावरास 'कांगारू' म्हणत असावेत, अशी त्यांची समजूत झाली, आणि जहाजातून उतरविलेल्या गाई पाहून 'हे कांगारूच काय?' अशी पृच्छा त्यांनी केली. एकमेकांची भाषा शिकत आहोत असे दोघांनाही वाटत होते, आणि दोघेही तिसऱ्याच भाषेतील शब्द उच्चारीत होते!

या गोंधळात एकाच गृहस्थाने शास्त्रीय म्हणता येईल अशी दृष्टी ठेवली. लेफ्टनंट विल्यम डॉझ हा वसाहतीचा ज्योतिर्विद. १७९०-९१ च्या सुमारास त्याने सिडनीच्या भाषेच्या वह्या भरल्या. त्यांत सुट्या शब्दांच्या याद्यांबरोबर क्रियापदांची रूपे आहेत आणि पट्येगारंग नावाच्या तरुण मुलीशी झालेल्या संभाषणातील पूर्ण वाक्येही आहेत. शब्दसंग्रह कोणीही करतो. समोरचा मनुष्य प्रत्यक्ष काय बोलला ते तसेच्या तसे उतरवून घेण्यास त्यास बोलणारा मानावे लागते. १७९१ च्या अखेरीस डॉझ मायदेशी परतला. पुढे त्या वह्या लंडनमधील एका ग्रंथसंग्रहात पडून राहिल्या, आणि १९७२ साली त्या नव्याने उजेडात येईपर्यंत ऑस्ट्रेलियन वाङ्मयावर त्यांचा कोणताही परिणाम झाला नाही.

कैद्यांच्या बोलीचे भाग्य मात्र निराळे ठरले. जेम्स हार्डी व्हॉक्स या सराईत चोराने १८१२ मध्ये त्या बोलीचा एक लहानसा कोश तयार केला व तो १८१९ साली त्याच्या आत्मचरित्रासोबत छापला गेला. ऑस्ट्रेलियात रचला गेलेला पहिला इंग्रजी कोश चोरांच्या भाषेचा असावा, ही वस्तुस्थिती तेथील भाषेच्या इतिहासात केवळ गमतीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. व्हॉक्सच्या काळी 'स्वॅग' म्हणजे चोरीच्या मालाचे बोचके. शतक संपण्यापूर्वी तोच शब्द रानोमाळ काम शोधीत हिंडणाऱ्या मजुराच्या पाठीवरील अंथरूण-पांघरुणाच्या वळकटीचा वाचक झाला आणि त्यास एक प्रतिष्ठा आली. 'स्क्वॉटर' हा प्रारंभी सरकारी जमिनीवर बिनपरवाना ठाण मांडणारा उपटसुंभ होता. काही दशकांतच तो हजारो मेंढ्यांचा धनी, उमराव म्हणून ओळखला जाऊ लागला. 'क्रीक' म्हणजे इंग्लंडात समुद्राची चिंचोळी खाडी. ऑस्ट्रेलियात मात्र उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढाही 'क्रीक'च. शब्द जुने, अर्थ नवे, अशी ही घडामोड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोलण्यात पुष्कळच पुढे गेली होती. ग्रंथांत तिला प्रवेश नव्हता, किंवा असलाच तर तो अवतरणचिन्हांच्या कुंपणाआड होता.

हे कुंपण प्रारंभीच्या कादंबरीत स्पष्ट दिसते. हेन्री सेव्हरी या शिक्षा भोगणाऱ्या बनावट दस्तऐवजकाराची 'क्विंटस सर्व्हिंटन' ही कादंबरी १८३०-३१ मध्ये होबार्ट येथे निघाली. ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेली ती पहिली कादंबरी. जन्माने ऑस्ट्रेलियन असा पहिला कादंबरीकार म्हणजे जॉन लँग. १८१६ साली पॅरामॅटा येथे जन्मलेला हा वकील पुढे हिंदुस्थानात आला, मेरठ भागात त्याने 'मोफसिलाइट' हे पत्र चालविले, आणि १८५४ मध्ये झाशीचे संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी आपली बाजू मांडण्यासाठी त्यास बोलावून घेतले. त्या भेटीचे वर्णन त्याच्या १८५९ च्या हिंदुस्थानविषयक प्रवासग्रंथात आहे, आणि मराठी अभ्यासकास लँगचे नाव परिचित असते ते याच कारणाने. १८६४ साली मसुरी येथे तो मरण पावला. सिडनीतील कैद्यांचे जीवन हा त्याच्या 'द फोर्जर्स वाइफ' (१८५५) या कादंबरीचा विषय आहे. तथापि तिचा निवेदक लंडनच्या मासिकांतून बोलणारा सुशिक्षित गृहस्थच आहे. कैदी बोलू लागले की बोलीभाषा अवतरते, त्यांचे बोलणे संपताच निवेदक हात धुऊन पुन्हा शुद्ध भाषेत येतो. भूमिपुत्राने भूमीविषयी लिहिले म्हणून भाषा आपोआप भूमीची होत नाही, याचे लँग हे ठळक उदाहरण होय.

कवींची अडचण याहूनही बिकट होती. चार्ल्स हार्पर, हेन्री केंडल यांच्या हाती जो काव्यकोश होता, त्यातील वसंत एप्रिलमध्ये येई आणि पानगळ ऑक्टोबरात होई. येथे एप्रिलमध्ये थंडीची चाहूल लागे, आणि झाडे पाने टाकण्याऐवजी साल टाकीत. जी भूमी आपल्या शब्दांत मावत नाही ती उदास आहे असे मानण्याकडे कवीचा कल होतो. अ‍ॅडम लिंडसे गॉर्डनच्या कवितासंग्रहास लिहिलेल्या प्रस्तावनेत मार्कस क्लार्क याने ऑस्ट्रेलियन निसर्गाचा स्थायिभाव विलक्षण खिन्नता हा आहे असे प्रतिपादिले, आणि तुलनेसाठी एडगर अ‍ॅलन पो यास पाचारण केले. खिन्नता रानात होती की शब्दकोशात, हा प्रश्न क्लार्कला पडलेला दिसत नाही. एरवी 'हिज नॅचरल लाइफ' (मासिकातून १८७०-७२, ग्रंथरूपाने १८७४) ही त्याची कारागृहजीवनावरील कादंबरी सामर्थ्यवान आहे. पण तिचे सामर्थ्य घटनांचे आहे, वाणीचे नाही.

खरे वळण १८८२ मध्ये आले, आणि ते वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा फारशी न बाळगणाऱ्या माणसाच्या हातून. 'रोल्फ बोल्ड्रवुड' या नावाने लिहिणारा टॉमस अलेक्झांडर ब्राउन हा व्यवसायाने दंडाधिकारी होता. त्याची 'रॉबरी अंडर आर्म्स' ही कादंबरी 'सिडनी मेल'मधून १८८२-८३ मध्ये क्रमशः आली. तीत फाशीची वाट पाहणारा दरोडेखोर डिक मार्स्टन स्वतःच आपली हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. येथे प्रथमच बोली अवतरणचिन्हांतून बाहेर पडली व तिने संपूर्ण ग्रंथाचा भार उचलला. मार्क ट्वेनचा हकलबरी फिन वाचकांस भेटला तो १८८४ मध्ये, हे ध्यानात घेता या प्रयोगाचे मोल अधिकच वाढते. न्यायासनावर बसून वर्षानुवर्षे आरोपींच्या जबान्या ऐकणाऱ्या माणसाच्या कानात ती बोली मुरली असल्यास नवल नाही. याच सुमाराची दुसरी एक जबानी वाङ्मय म्हणून लिहिलेली नव्हती. नेड केली या बंडखोराने १८७९ मध्ये आपला सहकारी जो बर्न यास सांगून सुमारे ८,००० शब्दांचे एक पत्र लिहविले. ते दडपले गेले, आणि १९३० पर्यंत पूर्ण स्वरूपात छापले गेले नाही. विरामचिन्हांस न जुमानणारी, शिव्याशाप व आर्जव एका श्वासात उच्चारणारी ती भाषा ऐकून पीटर केरी यांनी 'ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग' (२०००) ही संपूर्ण कादंबरी त्या वाणीत रचली, आणि २००१ चे बुकर पारितोषिक मिळविले. एका दडपलेल्या पत्राची भाषा शतकाहून अधिक काळानंतर कादंबरीची भाषा झाली.

३१ जानेवारी १८८० रोजी सिडनीत 'बुलेटिन' हे साप्ताहिक निघाले. त्याचा संपादक जे. एफ. आर्चिबाल्ड याने लेखकांकडून मागितले ते आटोपशीरपण, आणि निमंत्रिले ते मेंढ्या कातरणाऱ्यांस, खाणकामगारांस, खेड्यातील शिक्षकांस. लेखक आणि वाचक एकच, अशी स्थिती त्याने घडवून आणली. या पत्राचे श्रेष्ठ अपत्य म्हणजे हेन्री लॉसन. सोन्याच्या खाणीवरील तंबूंच्या वस्तीत १८६७ साली जन्मलेला हा मुलगा नवव्या वर्षापासून बहिरा होत गेला व चौदाव्या वर्षी त्यास फारच थोडे ऐकू येत असे. ऑस्ट्रेलियन बोलण्याची लय ज्याच्या गद्यात सर्वांत अचूक उतरली तो लेखक जवळजवळ बहिरा होता, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. कदाचित् बालपणी ऐकलेले बोलणे स्मृतीत गोठून राहिले व पुढील गोंगाटाने ते बिघडले नाही, असेही असेल. १८९२ मध्ये 'बुलेटिन'ने त्यास दुष्काळी बर्क भागात धाडले. तेथील पायपिटीने त्याची दृष्टी कायमची कोरडी, निर्भ्रम करून टाकली. अँड्र्यू बार्टन पॅटर्सन याच्या पद्यांतील घोडेस्वारांचे, मोकळ्या माळांचे जग त्यास खोटे वाटे, आणि त्या दोघांचा पद्यातील वाद त्याच साप्ताहिकातून वाचकांनी चवीने वाचला.

लॉसनच्या 'द ड्रोव्हर्स वाइफ' (१८९२) या कथेत घडते ते इतकेच : नवरा गुरांचे कळप घेऊन दूर गेलेला, झोपडीच्या फरशीखाली साप शिरलेला, आणि एक स्त्री चार मुलांना मेजावर निजवून कुत्र्यासह रात्रभर जागते. तिला नाव नाही. निवेदक तृतीयपुरुषी असला तरी त्याचे वाक्य तिच्या बोलण्याच्या टप्प्यातच राहते; तिला जे शब्द सुचले नसते ते तोही वापरीत नाही. भावनेची जागा तो मोकळी सोडतो. मृत मूल घेऊन मैलोगणती केलेली दौड एका लहानशा वाक्यात आटोपते व निवेदक पुढे जातो. बोलीचा उपयोग येथे रंजनासाठी नाही, संयमासाठी आहे. 'व्हाइल द बिली बॉइल्स' (१८९६) आणि 'जो विल्सन अँड हिज मेट्स' (१९०१) या संग्रहांनी ही निवेदनशैली स्थिर केली. लॉसनचे नंतरचे आयुष्य व्यसनाने व दारिद्र्याने खंगत गेले; पण या दहा वर्षांतील कामगिरीने पुढील दोन पिढ्यांच्या कथेला वाणी दिली.

जोझेफ फर्फी याने हाच प्रश्न बौद्धिक पातळीवर नेला. बैलगाड्यांचा धंदा दुष्काळात बुडाल्यावर तो शेपर्टन येथे भावाच्या लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात नोकरीस राहिला, आणि रात्री बसून त्याने 'सच इज लाइफ' लिहिली. १९०३ मध्ये 'बुलेटिन'ने ती प्रसिद्ध केली. तीत गाडीवानांची इंग्रजी, स्कॉटिश व आयरिश वळणांची इंग्रजी, जर्मन व चिनी माणसांची मोडकी इंग्रजी अशा कितीतरी बोली शेजारी शेजारी नांदतात. शिव्यांच्या जागी फर्फी कंसांत 'विशेषण', 'नाम' अशा व्याकरणाच्या संज्ञा घालतो. छापखान्याची सभ्यता राखता राखता त्याने तिची यथेच्छ टर उडविली आहे! सर्वांत मार्मिक आहे तो टॉम कॉलिन्स हा निवेदक. तो बहुश्रुत आहे, शेक्सपिअर त्याच्या जिभेवर आहे, आणि डोळ्यांसमोर काय घडत आहे ते त्यास नेमके कळत नाही, वाचकास कळते. ऑस्ट्रेलियन निवेदकाने स्वतःच्या बोलण्यावर संशय घेण्याची ही पहिली वेळ. 'टॉम कॉलिन्स' हे नाव त्या काळी भुमका उठविणाऱ्या काल्पनिक इसमाचे म्हणून रूढ होते. पुढे पहिल्या महायुद्धात फर्फी बंधूंच्या कारखान्यातील पाण्याच्या गाड्यांभोवती सैनिक कंड्या पिकवू लागले, आणि 'फर्फी' हाच शब्द ऑस्ट्रेलियन इंग्रजीत अफवेचा वाचक झाला. कादंबरीकाराने अफवेचे नाव घेतले आणि अफवेने कादंबरीकाराचे!

आता त्या उणिवेकडे वळावयास हवे. 'बुलेटिन'ने घडविलेली बोली लोकशाहीची बोली होती यात संशय नाही. पण ती लोकशाही कोणाची? १९०८ पासून त्या साप्ताहिकाच्या शीर्षभागी ऑस्ट्रेलिया केवळ गोऱ्या माणसासाठी आहे असे सांगणारे घोषवाक्य छापले जाऊ लागले, व ते हटले साठाव्या दशकाच्या उंबरठ्यावर. 'मेट', म्हणजे जिवाभावाचा सोबती, हा या वाङ्मयाचा मध्यवर्ती शब्द. तो पुरुष होता आणि गोरा होता. बार्बरा बेंटन हिची एक कथा 'बुलेटिन'ने १८९६ मध्ये काटछाट करून छापली. एकाकी झोपडीतील स्त्री व तिच्यावर चाल करून येणारा भटक्या मजूर, असा तिचा विषय आहे. लॉसनच्या झोपडीत साप होता, बेंटनच्या झोपडीबाहेर तोच 'मेट' होता. तिचा 'बुश स्टडीज' हा संग्रह अखेर १९०२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. माइल्स फ्रँकलिनच्या 'माय ब्रिलियंट करिअर' (१९०१) या कादंबरीतील निवेदिका सिबिला हीही पुरुषी बोलीचा ताबा घेऊ पाहणारी बंडखोर मुलगी आहे. तिच्या पुस्तकास प्रस्तावना मात्र लॉसनची लागली. चिनी वस्त्यांत तर वाङ्मय निराळ्याच लिपीत चालू होते : मेलबर्नच्या एका चिनी पत्रातून १९०९-१० मध्ये क्रमशः आलेली वाँग शी पिंग याची बहुपत्नीकत्वावरील कादंबरी इंग्रजी वाचकांस मिळाली ती २०१९ साली. ऑस्ट्रेलियन वाङ्मय म्हणजे ऑस्ट्रेलियातील इंग्रजी वाङ्मय, हे समीकरण किती घाईचे होते ते यावरून ध्यानी येईल.

दोन महायुद्धांच्या दरम्यानचा काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. हेन्री हँडल रिचर्डसन या पुरुषी नावाने लिहिणाऱ्या लेखिकेची रिचर्ड महोनीविषयीची त्रिखंडात्मक कादंबरी (१९१७, १९२५, १९२९) ही परकेपणाची महागाथा होय. पण ती परदेशी राहून, युरोपीय वास्तववादाच्या घडीव भाषेत लिहिली गेली. क्रिस्टिना स्टेड हिने 'द मॅन हू लव्ह्ड चिल्ड्रन' (१९४०) साठी आपल्याच सिडनीतील बालपणाचे द्रव्य वापरले, परंतु प्रकाशकाच्या इच्छेनुसार घटनास्थळ अमेरिकेत हलविले. प्रकाशन आणि बाजारपेठ परस्वाधीन असल्यावर लेखकाच्या घराचा पत्तासुद्धा बदलतो, तो असा.

१९३८ मध्ये अ‍ॅडलेडच्या रेक्स इंगॅमेल्स याने 'जिंडिवोरोबॅक' चळवळ सुरू केली. काव्याने परकी प्रतिमासृष्टी टाकून देऊन मूळ रहिवाशांच्या भूमिनिष्ठ कल्पना आत्मसात कराव्यात असा तिचा आग्रह होता. चळवळीचे नाव मेलबर्न परिसरातील वोइवुरुंग भाषेतून, तेही जेम्स डेव्हानी याच्या पुस्तकातील शब्दसूचीवरून घेतले होते. त्याचा अर्थ जोडणे, सामील करणे असा. त्या पुस्तकाचे नाव 'द व्हॅनिश्ड ट्राइब्ज', म्हणजे नामशेष जमाती! ज्यांचे शब्द घ्यावयाचे ते नाहीसे झाले असे गृहीत धरूनच हे घेणे चालले होते. टी. जी. एच. स्ट्रेलो यासारखा अरुंटा भाषा बालपणापासून बोलणारा अभ्यासक तेव्हा त्या गीतांची टिपणे घेत हिंडत होता. जिंडिवोरोबॅक कवींपैकी बहुतेकांपाशी मात्र शब्दसूचीच होती. व्याकरणावाचून शब्द उचलले की ते अलंकार होतात, भाषा होत नाहीत. तरीही या कवींची चेष्टा करून भागणार नाही. प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता. त्याच अ‍ॅडलेडमध्ये १९४४ साली नवकाव्याची फजिती झाली. जेम्स मॅकॉली व हॅरल्ड स्टुअर्ट या दोन कवींनी 'अर्न मॅली' नावाचा मृत कवी कल्पून, हाताशी आलेल्या पुस्तकांतील वाक्ये जोडून कविता रचल्या आणि 'अँग्री पेंग्विन्स'चा तरुण संपादक मॅक्स हॅरिस याच्या गळी उतरविल्या. लबाडी उघड झाल्यावर हॅरिसवरच अश्लीलतेचा खटला होऊन ५ पौंड दंड झाला. गंमत अशी की त्या कविता आजही वाचल्या जातात.

विद्यापीठांचे वर्तन या काळात फारसे भूषणावह नव्हते. अ‍ॅडलेड विद्यापीठातील एका इंग्रज प्राध्यापकाने १९४० मध्ये ऑस्ट्रेलियन वाङ्मयावर व्याख्यान देण्याचे आमंत्रण स्वीकारले, आणि असे वाङ्मय आढळले नाही म्हणून डी. एच. लॉरेन्सच्या 'कांगारू'वर व्याख्यान दिले, ही आख्यायिका तेथे वारंवार सांगितली जाते. १९५० साली ए. ए. फिलिप्स याने 'मीन्जिन' या त्रैमासिकात लिहिलेल्या निबंधात या वृत्तीस नाव दिले : 'कल्चरल क्रिंज'. प्रत्येक वाक्य लिहिताना खांद्यावरून डोकावणारा एक अदृश्य इंग्रज आपल्या लेखकास जाणवतो व तो अंग चोरतो, असे त्याचे निदान होते. ऑस्ट्रेलियन वाङ्मयाचे पहिले अध्यासन सिडनी विद्यापीठात १९६२ मध्ये निर्माण झाले व जी. ए. विल्क्स यांची त्यावर नेमणूक झाली. लॉसनच्या मृत्यूस तोवर ४० वर्षे उलटली होती.

पॅट्रिक व्हाइट याची कामगिरी या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. १९४८ मध्ये तो ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्यास परतला, तेव्हा लॉसनची वाणी अनुकरणाने झिजून वृत्तपत्री वास्तववादाची सवय झाली होती. 'द ट्री ऑफ मॅन' (१९५५) या कादंबरीत त्याने लॉसनचीच सामग्री घेतली : रान, झोपडी, नवरा, बायको, पूर, वणवा. मोडली ती वाक्यरचना. अपुरी वाक्ये, क्रियापद गाळलेले तुकडे, मूर्त वस्तूस अमूर्त विशेषण, या साधनांनी न बोलणाऱ्या माणसांचे अंतरंग त्याने बोलके केले. लॉसनने जी जागा मोकळी सोडली होती तीत व्हाइट शिरला. कवी ए. डी. होप याने त्या गद्याची अत्यंत जहाल शब्दांत निर्भर्त्सना केली. होपचा कान अभिजात होता, आणि व्याकरणदृष्ट्या त्याचे आक्षेप खोटे नव्हते; चूक झाली ती मोडतोड हीच रचना आहे हे न ओळखण्यात. १९५७ च्या 'व्हॉस'मध्ये जर्मन संशोधक लाइखार्ट याच्या अंतर्धानावरून सुचलेली कथा आहे. तिचा नायक परभाषेत विचार करणारा परका. खंडाच्या अंतर्भागात शिरताना त्याची इंग्रजी हळूहळू निरुपयोगी होत जाते. या कादंबरीस पहिले माइल्स फ्रँकलिन पारितोषिक मिळाले.

१९७३ मध्ये व्हाइटला नोबेल पारितोषिक देताना स्वीडिश अकादमीने, त्याने एक नवा खंड वाङ्मयात आणला, अशा अर्थाचा गौरव केला. तो गौरव व्हाइटपुरता यथार्थ असेल, खंडापुरता नव्हता. मध्य ऑस्ट्रेलियातील गीतांवरचा स्ट्रेलो याचा प्रचंड ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आर्नहेम लँडमधील चंद्राच्या अस्थींविषयीच्या गीतमालेचे रोनल्ड बर्न्ट याने केलेले भाषांतर १९४८ पासून उपलब्ध होते. त्या खंडास स्वतःचे वाङ्मय होते. ते ऐकण्याची सोय इंग्रजीत नव्हती, इतकेच.

ही सोय कशी नाकारली गेली ते डेव्हिड युनायपन याच्या कहाणीवरून कळते. न्गारिंजेरी समाजातील या विद्वान उपदेशकाने आपल्या लोकांच्या कथा इंग्रजीत लिहिल्या. प्रकाशकाने त्या हस्तलिखिताचे हक्क विल्यम रॅम्झे स्मिथ या वैद्यकीय अधिकाऱ्यास विकले, आणि १९३० मध्ये ते पुस्तक लंडनहून स्मिथच्या नावावर निघाले. युनायपनचे नाव त्यास जोडले गेले २००१ साली, त्याच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. तोपर्यंत त्याचे चित्र ५० डॉलरच्या नोटेवर छापले गेले होते. देशाने चेहरा घेतला आणि ग्रंथकर्तृत्व मागाहून दिले.

१९६४ मध्ये ब्रिस्बेनहून 'वी आर गोइंग' हा कवितासंग्रह निघाला. कवयित्री कॅथ वॉकर; १९८८ च्या द्विशताब्दी उत्सवाच्या निषेधार्थ तिने हे नाव टाकून ऊजरू नूनकल हे नाव धारण केले. मूळ रहिवाशांपैकी स्त्रीचा हा पहिला छापील कवितासंग्रह. कित्येक समीक्षकांनी ही कविता नसून प्रचार आहे असे म्हटले, आणि वृत्तांचा साधेपणा हा दोष ठरविला. परंतु तिने निवडलेला साचा 'बुलेटिन'च्या पोवाड्यांचाच होता. ज्या बोलीने तिच्या लोकांस वगळले होते तीच बोली ती त्यांच्या बाजूने बोलत होती. सुमारे पाव शतकापूर्वी जिंडिवोरोबॅकांनी या लोकांचे शब्द घेतले. तिने त्यांची इंग्रजी घेतली. दुसऱ्या घेण्यामागे हक्क होता.

सार्वमत (१९६७) आणि 'माबो' खटल्याचा निकाल (१९९२) यांच्यामागोमाग गोऱ्या लेखकांचे निवेदनही अस्वस्थ झाले. डेव्हिड मालूफ यांच्या 'रिमेंबरिंग बॅबिलॉन' (१९९३) मध्ये मूळ रहिवाशांत वाढलेला एक गोरा मुलगा वसाहतीच्या कुंपणावर येऊन उभा राहतो. इंग्रजी त्याच्या जिभेवरून जवळजवळ पुसली गेली आहे. भाषा गमावणे म्हणजे काय, याचे इतके सूक्ष्म चित्रण इंग्रजीत क्वचितच आढळेल. मात्र ज्या लोकांनी त्यास वाढविले ते या कादंबरीत बोलत नाहीत. स्थलांतरितांची वाणी याआधीच अवतरू लागली होती. पंजाबी कुटुंबातील मीना अब्दुल्ला यांनी रे मॅथ्यू याच्यासह लिहिलेला 'द टाइम ऑफ द पीकॉक' (१९६५) हा कथासंग्रह हिंदी वाचकांनी मुद्दाम पाहण्याजोगा आहे.

गेल्या पाव शतकात निवेदकाचा प्रश्न निराळ्याच लेखकांच्या हाती आला आहे. वान्यी समाजातील अलेक्सिस राइट यांची 'कार्पेन्टेरिया' (२००६) मोठ्या प्रकाशकांनी नाकारली, एका लहान संस्थेने छापली, आणि तिला २००७ चे माइल्स फ्रँकलिन पारितोषिक मिळाले. तिचा निवेदक वृद्ध कथेकऱ्याप्रमाणे थांबतो, फाटे फोडतो, श्रोत्यास दटावतो. काळ सरळ रेषेत चालत नाही. किम स्कॉट यांच्या 'दॅट डेडमॅन डान्स' (२०१०) या कादंबरीचा पहिला शब्द 'काया' हा आहे. नूंगार भाषेत तो होकारही आहे व अभिवादनही. बॉबी नावाचा मुलगा तो इंग्रजी अक्षरांत पाटीवर लिहितो, आणि त्या वेळेस त्या शब्दास ठरलेले शुद्धलेखन नाही. डॉझच्या वहीत पट्येगारंगचे शब्द इंग्रजाने लिहिले होते. येथे लेखणी मुलाच्या हाती आहे. स्कॉट कादंबऱ्यांबरोबर एक भाषाप्रकल्पही चालवीत आले आहेत. जुन्या टिपणवह्यांतील नूंगार कथा प्रथम त्या कुटुंबांच्या वंशजांकडे परत न्यावयाच्या, त्यांनी ऐकावयाच्या व सांगावयाच्या, आणि मगच छापावयाच्या, असा त्याचा क्रम आहे.

तारा जून विंच यांच्या 'द यील्ड' (२०१९) मध्ये कोश हाच निवेदक होतो. मृत्युपंथास लागलेला आल्बर्ट गोंडिविंडी विराजुरी भाषेतील शब्द उलट्या वर्णक्रमाने लिहून काढतो, आणि प्रत्येक नोंदीत अर्थ सांगता सांगता आयुष्यातील एक प्रसंग सांगून जातो. ही सामग्री स्टॅन ग्रँट (ज्येष्ठ) व जॉन रडर यांनी सिद्ध केलेल्या विराजुरी कोशाच्या आधारावर उभी आहे. 'यील्ड' या इंग्रजी शब्दाचा अर्थ जमिनीतून आपण काढून घेतो ते पीक. त्याच्या जागी आल्बर्ट जो विराजुरी शब्द ठेवतो तो आहे 'बायान्हा', आणि त्यात घेण्याऐवजी देण्याचा अर्थ आहे. कथेत हा कोश पुरावाही ठरतो : भाषा येथे जिवंत होती हे सिद्ध झाले तर खाणवाल्यांविरुद्ध जमिनीवरील दावा टिकण्याची आशा आहे, आणि आल्बर्टने लिहिलेली पाने कोठे आहेत ते त्याच्या नातीस ठाऊक नाही.